फिस्कार्सला बघण्यासारखं काय आहे म्हणे!

आज आमच्या इथल्या, म्हणजे फिनलंडमधल्या मराठी ग्रुपवर एकाने फिस्कार्स या जुन्या लोखंडकामाच्या गावाबद्दल टाकलं, "फिस्कार्सला जाऊ नका, चार महागडी दुकानं आणि एक नदी, तासाभरात संपतं." खाली हसण्याचे इमोजी. सकाळपासून डोकं तापलंय माझं.

मागच्या उन्हाळ्यात बाबांना नेलं होतं तिथे. हेलसिंकीहून गाडीने सव्वा-दीड तास. बाबा लोहाराच्या घरातले, लहानपणी आजोबांचा भाता ओढलेला माणूस. एका वर्कशॉपच्या दारात जे थांबले ते हलेचनात. आत एक तरुण लोहार लोखंड तापवत होता, बाबांची नजर नुसती त्या रंगावर. "आता घाल पाण्यात," असं पुटपुटले आणि त्या पोराने त्याच क्षणी घातलं, मराठीचा एक शब्द कळत नसताना!

आणि हे म्हणतात बघण्यासारखं काय आहे! अरे १६४९ साली भट्टी सुरू झाली तिथे, नदीचं पाणी आणि कोळशाला जंगल होतं म्हणून, खनिज पार स्वीडनच्या उतो बेटावरून जहाजाने यायचं. तुमच्या घरात जी नारिंगी मुठीची कात्री आहे ना, ती याच गावाच्या नावाच्या कंपनीची, १९६७ पासूनची. पुढे कारखाना शेजारच्या बिल्नेसला गेला, गाव ओस पडायला लागलं, तेव्हा कंपनीने पाडापाडी न करता रिकाम्या इमारती कारागिरांना भाड्याने दिल्या. नव्वदच्या दशकात सुतार, कुंभार, काचकाम करणारे असे एकेक जण येऊन बिऱ्हाड करून राहिले, १९९६ ला स्वतःची सहकारी संस्था काढली. ती माणसं तिथे राहतात हो, मुलं शाळेत जातात त्यांची, तो देखावा नाहीये.

महाग आहे, मान्य. कंपनीचंही नाव होतं यात, तेही मान्य.

पण कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणाऱ्या माझ्या बाबांनी तिथे एक साधी लोखंडी खुंटी घेतली आणि किंमत बघून एक अक्षर बोलले नाहीत. घण किती वेळा पडलाय ते त्यांना दिसत होतं. आमच्याकडे आजोबांनंतर भाता कोणी ओढला नाही, ऐरण भंगारात गेली, यावर बाबा कधी बोलत नाहीत.

आता राग जरा उतरलाय. मघाशी त्यांना फोन केला, ग्रुपवरचं सांगितलं. त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. म्हणाले, "त्या पोराच्या हाताखाली कोणी शिकायला होतं का गं?"

मी बघितलंच नव्हतं.