‘बाई’ म्हटलं म्हणून आईचा अपमान झाला?

बेळगाव-खानापूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. बायबलमधल्या काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपल्याचं येशूची आई मरिया त्याला सांगते आणि येशू म्हणतो, “बाई, ह्याच्याशी तुझा माझा काय संबंध? माझी वेळ अजून आली नाही” (योहानाचं शुभवर्तमान, अध्याय २). मजकुराचे आरोप तीन: येशूने आईला हिडीसफिडीस केलं, ‘बाई’ हा भाषांतरकाराचा उद्धटपणा आहे, आणि पुढे त्याने आईला दूरच ठेवलं.

मूळ ग्रीक शब्द आहे ‘गुनाय’, म्हणजे स्त्रीला मारलेली हाक. विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीला आणि त्याच्या कबरीपाशी रडणाऱ्या शिष्या मग्दालीया मरियेला येशू हीच हाक मारतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात कनानी स्त्रीच्या विश्वासाची वाखाणणी करतानाही हाच शब्द येतो. यांतल्या कुणाचा तो अपमान करत होता?

भाषांतरकाराला तर मी दोषच देणार नाही. आमच्या घरी वडील आजीला ‘बाई’च म्हणायचे. शाळेतही बाई, ओवीतही जनाबाई. कुणी ‘ए बाई’ म्हणून खेकसलं तर टोचतं ते खेकसणं. इथे ‘आई’ लिहिलं असतं तर मुळात नसलेला शब्द घुसडल्यासारखं झालं असतं.

तरीही एक मान्य करायला हवं. मुलाने स्वतःच्या आईला अशी हाक मारणं त्या काळीही वेगळंच होतं. पण खरा काटा पुढच्या शब्दांत आहे. ग्रीकमध्ये अक्षरशः ‘मला आणि तुला काय?’ एवढंच आहे. ही हिब्रू धाटणी, बायबलच्या जुन्या करारातली. इस्राएलचा पुढारी इफ्ताह अम्मोनी राजाला हेच विचारतो, संदेष्टा अलीशा इस्राएलच्या राजाला, आणि मुलगा दगावल्यावर सारफथ गावची विधवा संदेष्टा एलीयाला. कुठे राग, कुठे दुःख, पण अंतर प्रत्येक ठिकाणी आहे. आपण ‘त्यात आपलं काय?’ म्हणतो, जवळपास तसं. ते अंतर पुसून हे वाक्य गोड करू नये. पण त्यातून नातं तोडल्याचा अर्थही काढू नये.

कारण मरियेने तसा अर्थ घेतलाच नाही. लगेच ती नोकरांना सांगते, हा तुम्हाला जे सांगेल ते करा. मग प्रत्येकी ८० ते १२० लिटरचे सहा दगडी रांजण पाण्याने काठोकाठ भरले जातात आणि त्या पाण्याचा द्राक्षारस होतो.

राहिला तिसरा आरोप. योहानात ‘माझी वेळ’ म्हणजे क्रूसावर मरण्याची वेळ. ती आली तेव्हा आई जवळच उभी होती. “बाई, हा पाहा, तुझा मुलगा,” असं म्हणून त्याने तिला आपल्या लाडक्या शिष्याच्या हाती सोपवलं. हाक तीच, ‘गुनाय’. त्या वेळेपासून शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतलं.