‘आता नेत्रदानाची गरज नाही’ म्हणे!

डुकराच्या कातडीपासून कृत्रिम डोळा बनला, 20 आंधळ्यांना दृष्टी मिळाली, आता नेत्रदान नको: हा मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. मूळ संशोधन खरं आहे, चांगलंही आहे. फॉरवर्ड करणाऱ्यांनी त्याची पार वाट लावली आहे.

‘कृत्रिम डोळा’. डोळा सोडा, हे अख्खं बुबुळसुद्धा (कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) नाही. स्वीडनच्या लिन्शोपिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी डुकराच्या कातडीतलं कोलॅजेन हे प्रथिन शुद्ध करून पारदर्शक चकती बनवली. तीत डुकराची एकही पेशी नसते.

‘20 आंधळ्यांना दृष्टी’. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत इराण आणि भारतातले 20 रुग्ण होते. त्यांतले 14 अंध, बाकीच्यांची नजर अधू. दोन वर्षांनंतर त्यांतलं कुणीही अंध राहिलं नव्हतं, ही काही साधी गोष्ट नव्हे. पण आजार सगळ्यांचा एकच: केराटोकोनस. त्यात बुबुळाचा मधला जाड थर झिजतो आणि बुबुळ शंकूसारखं पुढे येतं. लेझरने त्या थरात खिसा करायचा आणि अभ्र्यात उशी सरकवावी तशी चकती आत सरकवायची. टाका नाही, रुग्णाचं बुबुळ जागच्या जागी. झिजलेल्या ठिकाणी घातलेली ही भर आहे.

‘नेत्रदान नको’. जखमेने किंवा जंतुसंसर्गाने डोळ्यात फूल पडलं असेल, तर आत पारदर्शक चकती घालून तो डाग कसा जाणार? दुसरी अडचण याहून मोठी. बुबुळाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच पदर असतो, आणि बुबुळात झिरपणारं पाणी तो सतत बाहेर उपसत असतो. माणसात या पेशी मेल्या की त्यांच्या जागी नव्या येत नाहीत. फार मेल्या तर बुबुळ सुजतं, वाफ धरलेल्या काचेसारखं धुरकट होतं. चकतीत पेशीच नाहीत, मग उपसा करणार कोण?

चकती दोन वर्षं साठवता येते, दात्याचं बुबुळ मात्र दोनेक आठवड्यांत वापरावं लागतं. जगात साधारण 70 गरजूंमागे एकच बुबुळ मिळतं, तेव्हा केराटोकोनसचे रुग्ण त्या रांगेतून कमी झाले तर फायदाच आहे. रांग मात्र संपत नाही. जपानमध्ये त्या आतल्या पदराच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून डोळ्यात सोडण्याचा उपचार निघाला, पण त्यांचं बियाणं दान केलेल्या बुबुळातूनच घेतलं. आणि बोस्टन केप्रो हे प्लॅस्टिकचं बुबुळ? ते डोळ्यात शिवताना भोवती जी कड लागते, ती सहसा दात्याच्या बुबुळाची असते.