पीजींना ग्रँटचा अर्ज शिकवण्याची सोपी रीत

सर्जरीच्या पीजींना, म्हणजे पदव्युत्तर शिकणाऱ्या डॉक्टरांना, रिसर्च ग्रँटचा अर्ज लिहायला शिकवायचंय? उत्तम. वर्कशॉप शनिवारी दुपारी ठेवा. शुक्रवारची इमर्जन्सी ड्यूटी उरकून आलेले सगळे समोर बसतील, डोळे मिटून. इंदुरात आहात, तेव्हा आधी पोहे-जिलबी होईलच. पोह्यांवर शेव पडली की निम्मं शिक्षण आटोपलं.

लिहायला मात्र कुणाला लावू नका. नीडल होल्डर (सुई धरायचा चिमटा) हातात न देता टाके शिकवता येतात का, असं एखाद्या आगाऊ पोराने विचारलंच, तर पुढची स्लाइड लावा.

विषय ऐसपैस ठेवा : ‘जखमेतल्या संसर्गाचा अभ्यास’. कुणाची जखम, कशाशी तुलना, किती दिवसांनी तपासणी, हे लिहिलं की परीक्षकाला अर्ज समजतो. समजला की तो शंका काढतो.

सॅम्पल साइज, म्हणजे किती रुग्ण घ्यायचे, अगदी शेवटी. साठ हा आकडा शुभ. थिसिसला चालला, तर ग्रँट देणाऱ्या आयसीएमआरला (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला) का चालू नये? संसर्ग 20 टक्क्यांवरून 10 वर आणायचा दावा असेल, तर 80 टक्के पॉवर (खरा फरक सापडण्याची शक्यता) आणि 5 टक्के सिग्निफिकन्स (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) धरून एकेका गटात 196 रुग्ण लागतात. त्यात लांब झाबुआकडचा माणूस टाके निघाले की तिसाव्या दिवशी दाखवायला कशाला येतोय? दहा टक्के गळती धरा, झाले 218. दोन गटांचे 436. तुमच्या तीस-तीसमध्ये इकडे सहा जखमा पिकल्या, तिकडे तीन. संसर्ग निम्म्यावर आला म्हणून टाळ्या घ्या. संख्याशास्त्रवाला म्हणेल, हा निव्वळ योगायोगही असेल. म्हणून त्याला बोलावूच नका.

बजेटमध्ये आधी लॅपटॉप. मग दुसरा लॅपटॉप. रुग्णाचं बसभाडं, तिसाव्या दिवशी फोन लावणारा माणूस, पू कल्चरला पाठवायचा खर्च, हे किरकोळ. पैसे उरले तर बघू.

सीटीआरआयची, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीची, आठवण तर काढूच नका. 1 एप्रिल 2018 पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच ट्रायलची नोंदणी लागते. दहा रुग्ण झाल्यावर आठवलं, तर ‘ट्रायल’ खोडून ‘निरीक्षण’ लिहायला सांगा. रँडमायझेशनचा (कुणाला कुठला उपचार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवण्याचा, जे फक्त ट्रायलमध्येच होतं) परिच्छेद मात्र तसाच राहू द्या. परीक्षकालाही काही करमणूक हवी.

आणि अर्जावर डीनसाहेबांची सही लागते, हे शेवटच्या तारखेला संध्याकाळी सांगा. साहेब त्या दिवशी भोपाळला मीटिंगला गेलेले असतात.