गॅस भरून घेण्याची कला

एसीचं काम काढायचं असेल तर मे महिन्याची वाट पाहा. फेब्रुवारीत एसीवाला पहिल्या रिंगला फोन उचलतो आणि निवांत काम करतो. त्यात मजा नाही. घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये व्याही जेवायला आलेत, इनडोअरमधून टपटप पाणी गळतंय आणि सूनबाईंनी सोफ्यावर परात लावलीय, तेव्हा फोन करावा. "शाम तक आता है" असं उत्तर मिळेल. कुठल्या दिवशीची शाम, हे विचारू नये.

फिल्टरला अजिबात हात लावू नका. पुढचं झाकण उचलून दोन जाळ्या नळाखाली धरल्या की पाच मिनिटांत काम होतं, म्हणूनच ते आपल्याला शोभत नाही. मेट्रोच्या कामाची धूळ जाळीवर गोधडीसारखी बसू द्या. रिमोट १८ वर. (२०२० पासून स्टार लेबलचा एसी सुरू करताना २४ वरच असावा, असा सरकारी नियम आहे, पण नियम म्हणजे खाली आणायचाच आकडा.) हवा कोंडते, आतल्या गार नळ्यांच्या कॉइलवर बर्फ धरतो, तो वितळून परातीत पडतो. वर एसीवाल्याच्या गेजवर, म्हणजे गॅसचा दाब मोजायच्या घड्याळावर, प्रेशरही कमी दिसतं.

आता तो गेजच्या काट्यावर टिचकी मारेल आणि म्हणेल, "अंकल, गॅस कम है." तुम्ही फक्त "वाटलंच मला" म्हणायचं. हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांतून फिरत राहतो, गळती असली तरच कमी होतो, हे ज्ञान पोटात ठेवा. स्वयंपाकघरात आईचा फ्रिज चौदा वर्षं एकाच गॅसवर घरघरतोय, त्याच्याकडे त्या क्षणी पाहू नका. आउटडोअरच्या स्टिकरवर किती गॅस भरायचा ते वजनात छापलेलं असतं, पण "वजनकाटा आणलायस का?" असं विचारणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत ताटाचा भाव विचारणं.

खाडीकाठच्या ऐरोली-वाशीकरांनी मात्र हसू नये. तिथल्या हवेत कॉइल खरंच पोखरते आणि गॅस गळतो. त्यांचा एसीवाला कधीकधी खरंही बोलत असतो.

मी स्वतः सलग तीन उन्हाळे अडीच-अडीच हजार मोजले. चौथ्या वर्षी नेहमीचा एसीवाला मुलगा गावी गेलेला, म्हणून एक वयस्कर मिस्त्री आले. त्यांनी गेज बाजूला ठेवलं, भांडी घासायच्या साबणाचा फेस केला आणि ब्रशने आउटडोअरच्या नटावर फासला. एक बुडबुडा आला, फुगला, फुटला. पुन्हा आला. "साडेसात हजार इथून गेले बघा," मिस्त्री म्हणाले. पाइपचं तोंड कापून नवा फ्लेअर केला, म्हणजे नटात घट्ट बसेल असं तोंड पसरवलं, व्हॅक्यूम मारून नळ्यांतली हवा काढली, वजनकाट्यावर गॅस भरला.

यंदा मे उलटून गेला, त्यांना फोन करायला काही कारणच सापडलं नाही. अशा माणसाचा धंदा कसा चालतो, कोण जाणे. नेहमीच्या मुलाने दुसरी बाईक घेतली.