मणक्यातलं इंजेक्शन आणि हातोहात फिरणारा तो संदेश

‘कंबरदुखीसाठी मणक्यात इंजेक्शन घेऊ नका’ असं बजावणारा एक संदेश सध्या हातोहात फिरतोय. त्यात चार कारणं दिली आहेत: सुई मज्जारज्जूत जाते आणि माणूस लुळा होतो, औषधातल्या स्टेरॉइडने हाडं पोकळ होतात, नस जाळली की पाय कामातून जातो, आणि एवढं सोसूनही दुखणं नुसतं दबतं, मग परत येतं. मी वेदनाचिकित्सा करतो. हा संदेश वाचून ठरलेली तारीख रद्द करणारे रुग्ण मला भेटतात, आणि तोच वाचून छातीत धडधड घेऊन टेबलावर झोपणारेही. त्यातलं चौथं कारण बऱ्याच अंशी खरं आहे, म्हणून चौघांना एकाच मापाने मोजून चालणार नाही.

पहिलं कारण लुळेपणाचं. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली जाते आणि कळ पायात उतरते, म्हणजे सायटिका होतो, तो बहुतेकदा त्याच्या बराच खाली, चौथ्या-पाचव्या मणक्याच्या आसपास. म्हणजे सुई जाते तिथे रज्जू नसतोच. खाली उतरणाऱ्या नसांचा झुबका असतो, तोही मणक्याच्या आतल्या पाण्यात सुटा तरंगणारा. आणि औषध त्या पाण्यातही सोडायचं नसतं. त्याभोवतीच्या जाड आवरणाच्या बाहेर चरबी आणि शिरांनी भरलेली एक अरुंद जागा असते, ती एपिड्युरल. सुई तिथे थांबवायची. प्रसूतीच्या कळा कमी करायला औषध देतात तेही याच जागेत.

थांबली हे कळतं कसं? सी-आर्म नावाच्या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर हाडं आणि सुई दिसते, नस दिसत नाही. म्हणून आधी थोडा डाय, म्हणजे क्ष-किरणांत उठून दिसणारा द्रव, सोडतात. तो नसेच्या कडेने पाझरला तर जागा बरोबर. झरकन वाहून दिसेनासा झाला तर सुई रक्तवाहिनीत शिरली आहे, तिथे औषध द्यायचं नाही. खांदा, गुडघा, वरवरच्या नसा यांना सोनोग्राफी पुरते; मणक्यात खोलवर हाड आड येतं. बोटांनी चाचपून, अंदाजाने दिलेलं मणक्यातलं इंजेक्शन अनेकदा भलत्याच जागी जातं. पडद्यावर न बघता कुणी ते देणार असेल तर सरळ नाही म्हणा, असं मी स्वतःच्या घरातल्यांनाही सांगतो.

धोका शून्य नाही, हे लपवणार नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने, म्हणजे एफडीएने, २०१४ साली एपिड्युरल स्टेरॉइडनंतर क्वचित पक्षाघात, लुळेपणा, दृष्टी जाणं आणि मृत्यूही होऊ शकतो, असा इशारा दिला. यामागचं एक महत्त्वाचं कारण समजलं आहे: काही स्टेरॉइडांत बारीक कण असतात, आणि मानेतल्या छोट्या धमनीत ते गेले तर मेंदू किंवा मज्जारज्जूचा रक्तपुरवठा अडतो. म्हणून मानेत नसेच्या छिद्रातून औषध देताना कण नसलेलं डेक्सामेथासोन निवडतात. कोणतं औषध देणार, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका.

स्टेरॉइडचं उत्तर छोटं आहे. हाडं झिजतात ती मुख्यतः महिनोन्‌महिने रोज गोळ्या घेऊन. इंजेक्शनंही वारंवार घेतली तर हिशेबात धरावी लागतात, म्हणून वर्षाला साधारण तीन-चारच्या वर जात नाहीत. मधुमेह असेल तर काही दिवस साखर चढते. तेवढे दिवस ती मोजत राहा.

आता ‘नस जाळणं’. हा शब्दच माणसाला घाबरवतो. रेडिओफ्रिक्वेन्सीत, म्हणजे सुईच्या टोकाशी विद्युतलहरींनी नस तापवण्याच्या उपचारात, पायाची मोठी नस जाळत नाहीत. मणक्यांच्या मागच्या बाजूला छोटे सांधे असतात. त्यांची वेदना वाहून नेणारा बारीक फाटा सुमारे ८० अंश सेल्सियसला मिनिट-दीड मिनिट तापवतात. हा फाटा पायाकडे जात नाही. पाठीतल्या एका खोल स्नायूला मात्र तो चेतना देतो. त्याआधी तोच फाटा नुसत्या भुलीने बधिर करून बघायचा असतो. त्या काही तासांत दुखणं चांगलं उतरलं नाही, तर नस तापवण्यात अर्थ नाही. तापवण्यापूर्वी हलका विद्युतप्रवाह देतात. पाय उडाला तर सुई चुकीच्या जागी आहे. नंतर काही आठवडे जागा हुळहुळते. आणि फाटा पुन्हा वाढतो, बहुधा सहा महिने ते वर्षभरात.

इथे चौथं कारण येतं, आणि इथे मी संदेशाच्या बराच जवळ आहे. २०१४ साली मणक्याची नळी अरुंद झालेल्या ४०० रुग्णांवरच्या चाचणीत भुलीत स्टेरॉइड मिसळून सहा आठवड्यांनी नुसत्या भुलीपेक्षा फारसा जास्त फायदा दिसला नाही. २०१७ साली नेदरलँड्समधल्या चाचण्यांत व्यायामाला रेडिओफ्रिक्वेन्सी जोडून म्हणण्यासारखा फरक पडला नाही. २०२५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका तज्ज्ञगटाने जुनाट पाठदुखीत या बहुतेक उपचारांविरुद्ध ठाम शिफारस केली. वेदनातज्ज्ञांच्या संघटनांनी तिला हरकत घेतली. मला ती शिफारस गांभीर्याने घ्यावीशी वाटते. वर्षानुवर्षांची, पसरट, पायात न उतरणारी कंबरदुखी घेऊन कुणी आलं तर मी सहसा सुई उचलत नाही.

पण ताजी गादी सरकलेली आहे, कळ पायात उतरते, रात्र बसून काढावी लागते, तेव्हा काही आठवड्यांचा आराम ‘नुसता’ नसतो. बाहेर आलेली गादी पुष्कळदा आपोआप आक्रसते. तोवर माणूस झोपू शकला, चालू शकला, व्यायाम सुरू करू शकला तर इंजेक्शनचं काम झालं. स्वादुपिंडाच्या कर्करोगात पोटामागच्या नसांच्या जाळ्यात दिलेल्या औषधाने वेदना आणि मॉर्फिनची गरज कमी होते. तिथे ‘दुखणं नुसतं दबतं’ हा आक्षेप मला घेता येत नाही.

संदेशाच्या शेवटी ‘काहीही करू नका, मालिश करा’ असं आहे. तेवढी एक ओळ मला सगळ्यात घातक वाटते. पायाचा पंजा उचलता येईनासा झाला, जांघेची आणि बसायची जागा बधिर पडली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर मालिश नाही आणि माझं इंजेक्शनही नाही. त्याच दिवशी एमआरआय आणि शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर गाठा.