रक्तदान शिबिर कसं भरवावं

समाजसेवेचे फायदे पुष्कळ, पण बहुतेक प्रकारांत आधी घाम गाळावा लागतो. रक्तदान शिबिराचं तसं नाही. रक्त दुसऱ्याचं, पिशव्या रक्तपेढीच्या, मंडप उधारीवर आणि नाव तेवढं तुमचं. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी.

तारीख साहेबांच्या वाढदिवसाची धरा. गरज कधी असते, हे रक्तपेढीला विचारायला जाऊ नका. ते मे महिना सांगतील. मे महिन्यात कॉलेजं बंद, माणसं गावी, साहेब थंड हवेच्या ठिकाणी. फ्लेक्स लावायचा कुणासाठी? आता साहेबांचा वाढदिवस एकच असल्यामुळे त्या दिवशी प्रत्येक वॉर्डात शिबिर असणार. रक्तपेढीचा माणूस काकुळतीला येईल, “दादा, लाल पेशी ३५ दिवस टिकतात, प्लेटलेट्स फक्त ५. एवढ्या पिशव्या एकदम घेऊन करू काय?” त्याला चहा पाजा. शेजारच्या वॉर्डात २०० पिशव्या झाल्या म्हणून आपल्याला २०१ हव्यात, हे शास्त्र त्याला शिकवलेलं नसतं.

दात्यांना पैसे मात्र देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आहे. घड्याळ, टिफिन, ट्रॉली बॅग यांना पैसे म्हणत नाहीत, प्रेमाची भेट म्हणतात. डिसेंबर २०२० मध्ये मुंबईत एका शिबिरासाठी दात्यांना किलोभर चिकन जाहीर झालं होतं, शाकाहारी असेल तर पनीर. बघा, किती बारीक विचार! आपण घड्याळावर भागवू. तबकडीवर साहेबांचा फोटो हवा, काटे नाकावरून फिरले तरी चालतील.

तुमचे खंदे कार्यकर्ते रक्त देणार नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. टॅटू काढला की वर्षभर रक्त देता येत नाही, आणि पोरांनी साहेबांचा चेहरा गेल्याच महिन्यात दंडावर गोंदवून घेतलाय. निष्ठा अशी उपयोगी पडते. तुम्ही स्वतः खाटेवर आडवे व्हा, हातात तो मऊ चेंडू धरा, दुसऱ्या हाताचा अंगठा वर. फोटो निघाला की उठा. सुई टोचायच्या आधी उठलेलं बरं, संध्याकाळी सत्कार असतो.

दुपारी एखादे काका येतील. पाकिटात जुनं दात्याचं कार्ड, दर तीन महिन्यांचे शिक्के. रक्त देतील, बिस्किट अर्धंच खातील, घड्याळ नको म्हणतील आणि चप्पल शोधून निघून जातील. अशांना फोटोत घेऊ नका. हसत नाहीत.

मग येतो मे. रात्री साडेअकराला ग्रुपवर मेसेज पडतो, ‘बी निगेटिव्ह, अर्जंट.’ लगेच हात जोडलेली खूण टाकून तो पाच ग्रुपवर ढकला, हीसुद्धा सेवाच. पेशंट मागच्या आठवड्यात घरी गेला असला तरी मेसेज थांबवू नका. अगदीच कुणी गळ घातली, तर शिबिराची यादी काढा. काकांचा ब्लड ग्रुप नेमका तोच होता असं कुणाला तरी आठवेल. नंबर मात्र लिहिलेला नसेल. त्या रकान्यात फक्त ‘घड्याळ १ शिल्लक’.