मालकांकडून उत्तर: तळेगाव दाभाडे, कॉट बेसिस रूम

एक स्टार दिलास, ठीके बाळा, पण जे लिहिलंयस ते नवीन ॲडमिशनवाली पोरं आणि त्यांचे आईबाबा वाचतायत म्हणून उत्तर देतेय. तुझं म्हणणं असं की काकूंनी 10,000 डिपॉझिटमधले 3,600 खाल्ले, लाईट बिल डबल लावलं, कराराचे पैसे जबरदस्ती घेतले आणि स्टेशन जवळ सांगून फसवलं.

3,600 चा हिशोब तुला निघायच्या दिवशीच व्हॉट्सॲपवर टाकलाय, ब्लू टिक पण आलीये. दोन महिन्याच्या लाईट बिलाचा तुझा वाटा 1,900 आणि पेंटरचे 1,700. पेंटर कशाला ते रिव्ह्यूत नाही लिहिलंस. तुझ्या कॉटच्या मागच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत एलईडीची पट्टी, डबल टेपने चिकटवलेली, आणि जाताना खस्सकन ओढून काढली, पुट्टीसकट लांबच्या लांब पापुद्रा आला, आतलं सिमेंट दिसतंय. फोटो आहे माझ्याकडे, इथं टाकत नाही. खिळ्याची चार भोकं असती तर मी काही बोलले पण नसते, पोरं राहणार म्हटल्यावर तेवढं होतंच.

आता लाईट बिल. फ्लॅटला मीटर एकच, माणसं चार, बिल भागिले चार, ह्यात माझा एक रुपया नाही. महावितरणचा दर स्लॅबवर असतो, पहिले 100 युनिट स्वस्त, 101 पासून दर एकदम चढतो आणि 300 च्या पुढे अजून. टेरेसवर पाणी तापवायचं सोलर आहे पण जुलै ऑगस्टला मावळात ऊन पडतं कुठं, मग तुम्ही बादलीत रॉड टाकता. तो रॉड 1500 वॅटचा, तासाला दीड युनिट खातो, चौघांनी अर्धा अर्धा तास जरी लावला तरी दिवसाला 3 आणि महिन्याला 90 युनिट नुसत्या आंघोळीचे झाले, वर इंडक्शनवर रात्री दोनला मॅगी, पंखा चोवीस तास, रूमला कुलूप असताना पण. वापरा ना, मी कधी नाही म्हटलं नाही, पण मग बिल बघून काकूंनी मीटर फिरवला असं म्हणायचं नाही. बिल महावितरणच्या ॲपवर ग्राहक क्रमांक टाकून कोणीपण बघू शकतं, तो नंबर दाराच्या मागे लावलेला आहे.

करार. हे मात्र सगळ्यांनी नीट वाचा. 11 महिन्याचा असो नाहीतर 2 महिन्याचा, महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेलाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही आणि भांडण झालं तर भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात, उलटं सिद्ध होईपर्यंत, आणि मालकाला शिक्षा होऊ शकते ती वेगळी. म्हणजे जबरदस्ती असेल तर ती माझ्यावर आहे. खर्च किती, तर शहरी हद्दीत नोंदणी फी 1000, स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, तुमच्या फ्लॅटला ती चारशेच्या आसपास बसली, वर हाताळणी शुल्क आणि अंगठा घ्यायला घरी येणाऱ्या माणसाचे पैसे. हे सगळं चौघांत वाटलं. जिथं "करार नको, कॅश द्या" म्हणतात तिथं डिपॉझिट परत कसं मिळतं ते तुझ्याच वर्गातल्या पोरांना विचार. त्याच करारात बिल आणि रंगाची अट पण लिहिलीये, तू सही केलीयेस.

स्टेशन जवळच आहे, चालत जातात पोरं. तुझी तक्रार खरी अशी की दुपारी लोकल मिळत नाही. अरे पुणे लोणावळा लाईनला दुपारचा गॅप असतो हे तळेगावात शाळेतल्या पोरालाही माहितीये, त्याला मी काय करू, सेंट्रल रेल्वेला एक स्टार दे. आणि आंबीला कॉलेजला जाताना चाकण रोडवर कंटेनर अडकतात, तेही माझ्या पार्किंगमधून निघत नाहीत.

खरं सांगू का, एमआयडीसीतले कंपनीवाले ह्याच फ्लॅटला जास्त भाडं द्यायला तयार आहेत, सकाळी जातात, रात्री झोपायला येतात, कटकट नाही. तरी मी स्टुडंटच ठेवते कारण पोरांची ये-जा असली की बिल्डिंग जागी राहते, आणि हो, परीक्षेच्या टायमाला पाण्याचा पंप कोण चालू करणार म्हणून रात्री अकराला मीच खाली उतरते. ते पण रिव्ह्यूत आलं असतं तर बरं वाटलं असतं.

पेंटरने सांगितलेला खर्च तुला पुन्हा एकदा पाठवलाय. तुला जास्त वाटत असेल तर तू तुझा पेंटर घेऊन ये, भिंत अजून तशीच आहे, पुढच्या आठवड्यात काम चालू होणारे, त्याच्या आत आलास आणि कमी पैशात करून दिलंस तर उरलेले पैसे त्याच दिवशी जीपे करते.